दहा बोटांची शाई

गुणाकररावांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या बाजूचं बोट दर निवडणुकीनंतर महिनाभर काळंजांभळं असायचं. साबण घासा, लिंबू चोळा, वरणभातात रोज दोनदा बुडवा, ते काही जायचं नाही. डाव्या हाताचं बोट मात्र कोरं. म्हणजे पाहा, बालाघाटच्या कलेक्टर कचेरीतला हा बाबू, वीस वर्षं झाडून साऱ्या निवडणुकांना ड्यूटीवर गेला, हजारो लोकांच्या नखांवर शाई लावली, आणि स्वतःचं मत एकदाही टाकलं नाही! ड्यूटीवरच्या माणसाला पोस्टानं मत टाकायची सोय होती, नाही असं नाही. पण त्याचा फॉर्म वेळेत भरावा लागतो, आणि हे महाशय दुसऱ्यांचे फॉर्म तपासण्यात एवढे गुंतायचे की स्वतःचा टेबलाच्या खणात राहून जायचा. निवडणूक झाली की खण उघडायचे, फॉर्म पाहायचे, कपाळावर हात मारायचे आणि खण लावून टाकायचे.

त्या वर्षी नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक आली. सरकारनं मताचं वय एकवीसवरून अठरावर आणलं होतं आणि गुणाकररावांची थोरली, उमा, एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं नाव यादीत चढलं तेव्हा गुणाकररावांनी घरी पेढे आणले. पोरगी पास झाली तेव्हा आणले नव्हते, हे आशालताबाईंनी त्यांना तिथल्या तिथं ऐकवलंही.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी ते परसवाड्याकडच्या एका गावी ड्यूटीवर निघाले. वळकटी बांधली, चिवड्याचा डबा पिशवीत टाकला, आणि दारात चपला घालता घालता थांबले.

"उमे, इकडं ये. उद्या मत टाकजो."

"हौ बाबा, टाकतोच ना."

"कोणाले टाकशीन थे मले सांगू नको. आईलेही सांगू नको. पण मी परत आलो का मले बोट दाखवजो." त्यांनी स्वतःचं डावं बोट वर केलं. "माहं तं कोरंच राह्यलं. तुहं रंगलेलं पाहू दे एकदा. घरी पोट्टी शाई लावून बसली आहे, असं वाटलं म्हणजे तिथं बसाले हुरूप येते."

एवढं बोलून ते गेले. जाताना मागं वळूनही पाहिलं नाही, कारण डोळे भरले की ते कोणाला दिसू द्यायचे नाहीत. उमा दारातून त्यांच्या पाठीकडं पाहत राहिली. बाप कधी काही मागणारा नव्हता. कपडे आईनं आणलेले घालायचा, भाजी जी होईल ती खायचा. आणि आज त्यानं मागितलं ते काय, तर बोटावरचा एक ठिपका.

आता उमाचा स्वभाव असा, की साधी गोष्ट साधेपणानं करणं तिला ठाऊकच नव्हतं. कॉलेजात वक्तृत्वाला नाव दिलं तर भाषण पाठ करता करता घसा बसवून घेतला होता. बाबा बोट पाहणार म्हणजे ते बोट साजरं, देखणं पाहिजे, हे तिच्या डोक्यात बसलं आणि दुपारपर्यंत त्याचं चांगलं मोठं प्रकरण झालं.

शेजारच्या वहिनींकडून आणलेल्या हिंदी मासिकात एक पान होतं. घरच्या घरी मॅनिक्युअर, जुन्या पद्धतीला नवा साज. वर एका बाईच्या हातांचा फोटो, आणि काय हात होते! हात कसले, लोणीच. जुनी पद्धत म्हणजे नखं भिजवा, घासा, तेल लावा आणि लालभडक रंगवून मोकळे व्हा. नवा साज असा, की अख्खं नख फिक्कं गुलाबी रंगवायचं आणि मुळाशी, जिथं नख आणि कातडी भेटते तिथं, गडद रंगाची चंद्रकोर काढायची.

"सुनीती!" उमानं धाकटीला हाक मारली. सुनीती तेरा वर्षांची, आठवीत, चित्रकलेत वर्गात पहिली. "तुहा हात चालते ना बारीक कामाले? ये इकडं."

"मले काय देशीन?"

"तुहे पण रंगवीन दिवाळीले."

"दिवाळी तं होऊन गेली ताई."

"मंग पुढच्या. बस आता."

पानावर लिहिलेलं सामान घरात एकही नव्हतं, पण म्हणून कोणाचं काय अडतं? काचेच्या वाडग्याऐवजी भात शिजवायचा गंज आला. त्यात कोमट पाणी, चमचाभर साबणाचा चुरा, अर्धं लिंबू. दहा मिनिटं हात बुडवून उमा राणीसारखी बसली. नखांच्या कडा मागं सारायला कडुलिंबाच्या काडीला कापूस गुंडाळला. कानस म्हणून आगपेटीची घासायची बाजू. तेल खोबरेल. फिक्कं गुलाबी पॉलिश होतंच, गडद रंग तेवढा नव्हता. तो सुनीती मेनरोडवरच्या मोतीलालच्या दुकानातून घेऊन आली. मोतीलालकडे एकच गडद बाटली होती, दोन वर्षांपासून कोणी न घेतलेली. जांभळाच्या सालीचा रंग, जवळजवळ काळाच. "ये रंग बालाघाट में कोई नहीं लगाता," असं मोतीलाल म्हणाला, हे सुनीतीनं आल्या आल्या सांगितलं.

"म्हणूनच तं पाहिजे!" उमा म्हणाली.

चंद्रकोर नीट यावी म्हणून बाबांच्या दाढीच्या डब्यातली चिकटपट्टी गोल कापली आणि नखावर चिकटवली. मुळाशी जेवढं उघडं राहील तेवढंच रंगवायचं. सुरुवात कोणत्या बोटानं? अर्थात डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या. ज्याचा सारा मान, त्याला पहिला नंबर.

आणि तिथंच घोटाळा झाला. चिकटपट्टी नीट दाबलेली नव्हती, ब्रशवर रंग जास्त आला, आणि जांभळं पॉलिश नखाच्या मुळावरून खाली कातडीवर उतरलं. चंद्रकोर राहिली बाजूला, आडवा काळा पट्टाच झाला. अर्धा नखावर, अर्धा कातडीवर.

सुनीती रडकुंडीला आली. "पुसू का ताई?"

"कायनं पुसशीन? पॉलिश काढाचं औषध मोतीलालजवळ आहे का?"

"नाही. थे गोंदियाहून येते म्हणे."

उमानं बोट लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. मग तिचे डोळे चमकले. "असू दे वं. उलट हेच नवीन दिसून राह्यलं. बाकीचेही असेच कर, थोडेसे कातडीवर उतरव. दाही सारखे झाले म्हणजे कोणी चुकलं म्हणत नाही, डिझाइन म्हणते."

झालं! सुनीतीनं जीव ओतून बाकीची नऊ बोटं हुबेहूब त्या चुकलेल्या बोटासारखी केली. संध्याकाळी आशालताबाई देवळातून आल्या, पोरीचे हात पाहिले आणि दारातच थबकल्या.

"हे काय वं? दाराच्या फटीत सापडले काय बोटं?"

"आई, ही फॅशन आहे."

"असन बाई. मले वाटलं हळद लावून बांधाव लागते."

हसून हसून तिघींच्या पोटात दुखलं. आणि ज्या घरात वीस वर्षं मतदानाच्या शाईची गोष्ट चालत आली, कुठं लावायची, कशी लावायची, नखावर किती नि कातडीवर किती, त्या घरातल्या तीन बायांपैकी एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. याला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी आशालताबाई सकाळीच शेजारणींसोबत जाऊन मत टाकून आल्या. "चाल ना माह्यासोबत," असं त्या उमाला तीनदा म्हणाल्या. पण दोन नखांचा रंग रात्री उशीला घासला होता. तो नीट करायचा, वाळवायचा, केस धुवायचे, आईची मोरपंखी साडी नेसायची. असं करता करता तीन वाजले. सुनीतीला बरोबर घेऊन उमा निघाली तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला झाली, एवढी ती डौलात चालली होती.

मतदान केंद्र शाळेत होतं. रांगेत पंचवीसेक बाया होत्या. उमानं हात पदराबाहेर नीट दिसतील असे ठेवले. दोघीतिघींनी पाहिलंही, आणि एकीनं तर "कुठून केलं?" म्हणून विचारलं. उमाचा आनंद गगनात मावेना.

आत गेली. पहिल्या टेबलावरच्या बाबूनं यादीत नाव शोधलं, मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या टेबलावर शाईची बाटली घेऊन एक तरुण मास्तर बसला होता. त्यानं न पाहताच म्हटलं, "बायाँ हाथ."

उमानं डावा हात पुढं केला. मास्तरनं काडी बाटलीत बुडवली, बोट धरलं आणि काडी तशीच हवेत राहिली.

"तुम तो वोट डाल चुकी हो."

"नाही... नहीं तो! अभी तो आई हूँ."

"तो ये क्या है?"

"नेलपॉलिश है."

मास्तरनं दुसरं बोट पाहिलं. तिसरं पाहिलं. मग म्हणाला, "दूसरा हाथ दिखाओ." उमानं उजवा हातही टेबलावर ठेवला. दहा बोटं, दहा काळे पट्टे, प्रत्येक अर्धा नखावर आणि अर्धा कातडीवर, अगदी नियमाप्रमाणे. मास्तरचा आ वासला.

भिंतीशी पक्षांचे एजंट बसले होते. त्यांतला एक लठ्ठसा, सकाळपासून कंटाळलेला, वाकून पाहत मोठ्यानं म्हणाला, "अरे बाप रे! ये तो दस जगह डालकर आई है!"

सारी खोली हसली. रांगेतल्या बाया हसल्या. नखं कुठून केली म्हणून विचारणारी सगळ्यात जास्त हसली. उमाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि मग एकदम, वीज चमकावी तसं, तिला कळलं की आपण काय करून ठेवलं. शाईवाल्या गुणाकरबाबूची पोरगी मी! आणि मलेच हे सुचू नये?

केंद्रावरचे मोठे साहेब म्हणजे दुलीचंद मास्तर, हट्टा गावाकडच्या शाळेचे, पन्नाशीचे, चष्मा नाकाच्या टोकावर. ते उठून आले. त्यांनी बोट उजेडात धरून पाहिलं. त्यांना हसू येत होतं, पण खुर्चीचा मान होता.

"बिटिया, यादी में तुम्हारे नाम पर निशान नहीं है, ये मैं देख रहा हूँ. पर उंगली पर निशान दिखे तो मैं वोट नहीं डालने दे सकता. नियम है."

"पर सर, सच में नेलपॉलिश है."

"तो निकालकर आओ. नेलपॉलिश होगी तो निकलेगी, स्याही होगी तो नहीं निकलेगी. पाँच बजे तक मैं यहीं बैठा हूँ."

वडिलांचं नाव सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी ओळखलं असतं. पण उमानं ओठ घट्ट मिटले. उद्या कचेरीत सारे बाबू बाबांच्या टेबलाभोवती जमून हसतील, ते तिला नको होतं. ती बाहेर आली, फाटकापर्यंत ताठ चालली, आणि फाटकाबाहेर आल्यावर रडायला लागली.

"ताई, रडू नको ना. माह्यामुळं झालं," सुनीती म्हणाली आणि तीही रडायला लागली.

"तुह्यामुळं नाही वं. माह्या अकलेमुळं. आता बाबाले काय दाखवू मी? आयुष्यात एक गोष्ट मांगतली त्यानं!"

घरी आल्या तेव्हा चारला दहा कमी होते. आशालताबाईंनी ऐकलं, आधी कपाळावर हात मारला, मग पदर खोचला. मातीचं तेल आणलं. घासघास घासलं. बोटाला कंदिलाचा वास आला, पॉलिश जागच्या जागी. लिंबू लावलं, राख लावली. मोतीलालकडे दोन वर्षांत विकलं न गेलेलं ते पॉलिश असं मुरलं होतं की जणू जन्मापासून तिथंच होतं. ब्लेडनं खरवडावं तर कातडीतून रक्त येईल, आणि रक्ताळलेलं बोट पाहून तो मास्तर आणखी काय म्हणेल कोण जाणे. बाजार तर मतदानामुळं सारा बंद.

"पेंटर कायनं हात धुते?" सुनीती एकदम म्हणाली.

"काय?"

"भैयालाल पेंटर! दिवसभर भिंती रंगवते, पण त्याचे हात तं साफ असतात."

आशालताबाईंनी धाकटीकडं असं पाहिलं की जणू आज पहिल्यांदाच पाहिली. "पळा!"

भैयालाल गल्लीच्या टोकाला राहायचा. महिनाभर त्यानं बालाघाटची एक भिंत सोडली नव्हती. ज्या पक्षानं बोलावलं त्याची निशाणी काढली, सगळ्यांची सारख्याच मनापासून काढली. आज काम संपल्यामुळं तो खाटेवर पाय पसरून बिडी ओढत बसला होता. उमानं धापा टाकत सारं सांगितलं. भैयालालनं बिडी विझवली, तिचे हात हातात घेतले आणि एकेक बोट निरखलं.

"किसने किया?"

"मैंने," सुनीती मान खाली घालून म्हणाली.

"दसों की रेघ एक बराबर है. हाथ अच्छा है तेरा बेटा."

"काका, वो बाद में!" उमा ओरडलीच. "निकलेगा क्या?"

"थिनर से क्या नहीं निकलता!"

त्यानं डबा हलवून पाहिला. तळाशी घोटभर थिनर उरलं होतं. स्वच्छ चिंधी बुडवली, डाव्या हाताचं ते बोट धरलं आणि भिंतीवरचं एखादं चुकलेलं अक्षर पुसावं तसं हलक्या हातानं फिरवलं. जांभळा रंग विरघळला, चिंधीत उतरला. खालून उमाचं स्वतःचं नख निघालं, साधं, जरासं पिवळट, बिचारं. एवढं सुंदर नख आपण आजपर्यंत पाहिलं नाही असं उमाला वाटलं.

"बाकी के नौ?"

"रहने दो. टाइम नहीं है. उन्हें एक ही उंगली से मतलब है."

भैयालालनं खुंटीवरचा शर्ट घातला आणि थिनरचा डबा हातात घेतला. "चलो, मैं भी आता हूँ. सबकी दीवार रंगी, अपना वोट तो रह ही गया."

शाळेत पोहोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. रांग संपत आली होती. उमानं दुसऱ्या टेबलावर बोट ठेवलं. कोरं, स्वच्छ, थिनरच्या वासाचं. तरुण मास्तरनं मान हलवली आणि काडी बुडवली.

"ठहरो!" तो लठ्ठ एजंट उभा राहिला. आता तो हसत नव्हता. "मुझे आपत्ति है. एक घंटे पहले इस उंगली पर निशान था. अब नहीं है. इसने दवाई लगाकर स्याही मिटाई है. वास आ रही है, देखो!"

पुन्हा सारी खोली तिच्याकडं पाहू लागली. दुलीचंद मास्तर चष्मा सारखा करत उठले. घड्याळात पंधरा मिनिटं उरली होती. उमाच्या डोळ्यांपुढं आला बाबांचा तो जांभळा अंगठा. महिनाभर साबणानं घासलेला, वरणभातात बुडालेला, न निघालेला. आणि मग तिला कुठून बळ आलं कोण जाणे.

"सर," ती दुलीचंद मास्तरांना म्हणाली, "चुनाव की स्याही थिनर से निकलती ही नहीं. किसी से नहीं निकलती. नाखून बढ़ेगा तब जाएगी. ये मैं बचपन से देख रही हूँ. आप करके देख लीजिए."

"किस पर करके देखें?"

उमानं एजंटाकडं बोट दाखवलं. "इन्होंने सुबह वोट डाला होगा. इनकी उंगली पर."

एजंट दचकला. आपलं डावं बोट त्यानं नकळत मुठीत लपवलं. रांगेतल्या बाया आता वेगळ्याच हसू लागल्या. "दिखाओ ना भैया, डरते क्यों हो?" एक म्हातारी म्हणाली.

दुलीचंद मास्तरांनी एजंटाला हातानं जवळ बोलावलं. "ठीक है. दोनों का हो जाए."

भैयालाल पुढं झाला. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर त्यानं कधी काम केलं नसेल. आधी त्यानं एजंटाचं बोट धरलं, चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि जोर लावून घासलं. वर घासलं, खाली घासलं. एजंट "हळू, हळू!" म्हणून मराठीत ओरडला, तेव्हा कळलं की हाही आपल्यातलाच. बोट लालबुंद झालं. शाई तशीच, उलट आणखी उठून दिसायला लागली.

"अब बिटिया, तुम."

उमानं उजवा अंगठा पुढं केला. चिंधी एकदा फिरली, दोनदा फिरली, आणि तो जांभळा पट्टा गेला. भैयालालनं चिंधी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "नेलपॉलिश!" तो कोर्टात निकाल द्यावा तशा आवाजात म्हणाला.

रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मतदान केंद्रात टाळ्या वाजवायच्या नसतात, पण दुलीचंद मास्तरांनी त्या ऐकल्याच नाहीत. ते चष्मा पुसत होते.

"स्याही मैं लगाऊँगा," ते तरुण मास्तरला म्हणाले आणि त्यांनी काडी स्वतःच्या हातात घेतली. नख आणि कातडी भेटते तिथं त्यांनी गार शाईची एक रेघ ओढली. त्यांचा हात थोडा हलला, रेघ जराशी वाकडी आली. उमाला ती जगातली सगळ्यात साजरी रेघ वाटली.

मग मतपत्रिका घेऊन ती पडद्यामागं गेली. शिक्का मारला. बाबांनी शिकवल्याप्रमाणे कागदाची आधी उभी घडी घातली, मग आडवी, म्हणजे शिक्क्याची शाई दुसऱ्या नावावर उमटत नाही. पेटीत टाकली. कागद आत पडल्याचा बारीकसा आवाज आला.

बाहेर जाताना पहिल्या टेबलावरच्या बाबूनं यादीत पाहत मुद्दाम विचारलं, "पिता गुणाकर... कलेक्टरेट वाले तो नहीं?"

उमा थांबली. आता लपवण्यासारखं काय होतं? "हौ," ती मराठीतच म्हणाली. "तेच."

दुलीचंद मास्तर जे हसले, ते खुर्चीचा मान विसरून हसले. "तभी तो! उनसे कहना, दुलीचंद ने लगाई है."

गुणाकरराव दुसऱ्या दिवशी सकाळी आले. रात्री पेट्या जमा करून, कचेरीच्या ओसरीवर तासभर डोळा लावून, दूधवाल्याच्या मागोमाग. दाढी वाढलेली, डोळे लाल, उजवा अंगठा आणि बोट नव्यानं काळंजांभळं. वळकटी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी हाक मारली.

"उमे! बोट?"

उमानं दोन्ही हात मागं लपवले होते. तिनं फक्त डावा हात पुढं केला. गुणाकररावांनी तो धरला, दाराजवळच्या उजेडात नेला. चार बोटांवर जांभळे पट्टे होते. मधे एकच साधं नख, आणि त्यावर शाई. बोट त्यांनी इकडं वळवलं, तिकडं वळवलं.

"रेघ वाकडी आहे," ते शेवटी म्हणाले. "दुलीचंद होता काय तिथं? त्याचा हात असाच हलते."

मग काय, तिघींनी एकाच वेळी सारी गोष्ट सांगितली. कोण काय म्हणालं, कोण कधी रडलं, एजंट कसा ओरडला. सुनीतीनं भैयालालची नक्कल केली. गुणाकरराव वळकटीवरच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. या वेळी कोणापासून लपवायचं कारण नव्हतं, हसण्याचं आहे म्हणता येत होतं.

हसणं ओसरलं तेव्हा ते उमाचं बोट अजून धरूनच होते. उमाचं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडं गेलं. वीस वर्षांचं ते कोरं बोट. तिनं सुनीतीला डोळ्यानं खुणावलं. सुनीती आत पळाली आणि जांभळी बाटली घेऊन आली.

"बाबा, हात द्या."

"काहून?"

"द्या ना."

"अवो, हे कायद्यात बसत नाही. मत न टाकता निशाणी..."

"मतदान काल पाच वाजता संपलं बाबा. आज हे नुसतं नेलपॉलिश आहे."

आशालताबाई चुलीकडून म्हणाल्या, "लावू द्या हो. एवढा काय भाव खाऊन राह्यले?"

गुणाकररावांनी हळूच हात पुढं केला. उमानं ब्रश बाटलीच्या काठावर निथळला, आणि नख व कातडी भेटते तिथं एक रेघ ओढली. सरळ, न हलता, हजारो बोटांवर त्यांनी ओढली असेल तशी. गुणाकरराव श्वास रोखून पाहत होते.

"आंघोळीचं पाणी निघालं," आशालताबाईंनी हाक मारली. "चहाही झाला. उठा आता."

"थांब जराशी," गुणाकरराव म्हणाले. त्यांनी डावं बोट सगळ्यांपासून दूर, हवेत उभं धरलं होतं. "वाळू दे."